लंगड्या सांडणीची गोष्ट

रशीद पलटणीतून घरी आला त्या दिवशी त्याची दोन्ही पोरं दाराआड उभी राहून परक्या माणसाकडं बघावं तशी त्याच्याकडं बघत होती. तो गेला तेव्हा शमशेर नुकता अंगणात धावायला लागला होता आणि सरवरी तर त्याच्या माघारी जन्मली. मधल्या वर्षांत बाप म्हणजे भिंतीवरचा खाकी टोपीतला फोटो, एवढंच पोरांना ठाऊक. फोटोतल्या माणसाला मिशी होती, आलेल्याला नव्हती.

"जा की रं, अब्बा हायेत तुमचे," बिबीजान चुलीपुढून म्हणाली. पोरं हलली नाहीत. बिबीजान म्हणजे रशीदची आई. त्यांच्या देवळाली प्रवऱ्यापासून टाकळीमियापर्यंत सगळ्या बायका तिला मण्यारीण भाभी म्हणून ओळखायच्या. लढाईच्या दुसऱ्या वर्षी तिचा नवरा जैनुद्दीन विषमज्वरानं गेला आणि त्याची बांगड्यांची टोपली तिच्या डोक्यावर आली. त्या दिवशीही ती चार वस्त्या पालथ्या घालून आली होती. लेक परत आल्याच्या आनंदानं रडावं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला खरा, पण अंगात इतका शीण होता की रडूसुद्धा धड येईना.

जेवणं झाली. रशीदच्या बायकोनं, सकीनानं, भांडी बाजूला सारली. रशीद सतरंजीवर मांडी घालून बसला, पोरांना समोर बसवलं आणि खूप दिवस जपून ठेवलेली वस्तू खिशातून काढावी तसा हसत म्हणाला, "हां, आता सांगा. कासम सौदागर कुठल्या दारापाशी आलाय?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"कोन कासम?" शमशेरनं विचारलं.

"कासम सौदागर! लंगड्या सांडणीवाला!" रशीदचं हसू अजून तोंडावर होतं. "दादी सांगत न्हाई तुमाला?"

सरवरीनं मान हलवली. रशीदनं आईकडं बघितलं. बिबीजान भिंतीला टेकून पाय चोळत बसली होती. तो कोणाबद्दल बोलतोय हे तिच्या पटकन ध्यानातच आलं नाही. मग हळूहळू आलं.

रशीद आणि त्याच्या बहिणी लहान होत्या तेव्हाची ती गोष्ट. जैनुद्दीन नगरहून गवतात भरलेल्या पेट्या आणायचा. त्यांत सगळ्या मापांच्या, सगळ्या रंगांच्या बांगड्या एकात एक मिसळलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन निघायचं तर त्या आदल्या संध्याकाळीच निवडून ठेवायला लागत. दिवेलागणीला घरातली सगळी पोरं चिमणीभोवती गोल करून बसत. माप बघायचं, बांगडी नखानं वाजवून तडकलेली असली तर बाजूला टाकायची, चांगल्या असतील त्या दोरीत ओवायच्या. दिवसभर हुंदडलेली पोरं घटकाभरात पेंगायला लागत आणि पेंगणाऱ्या हातात काच गेली की बांगडी फुटे, नाहीतर बोट कापे. म्हणून बिबीजाननं एके दिवशी सुरुवात केली, एक होता कासम सौदागर, त्याची होती एक लंगडी सांडणी, म्हणजे उंटीण. सौदागर दूरदेशाहून घरी निघाला होता. वाटेत एक शहर लागलं, त्याला एकामागून एक दरवाजे. एक उघडावा तर पुढं दुसरा. रोज संध्याकाळी एक दरवाजा, बांगड्या संपल्या की गोष्ट थांबायची. दुसऱ्या दिवशी पोरं न बोलावता चिमणीभोवती येऊन बसत.

ती गोष्ट कैक वर्षं चालली. मग मुली लग्न होऊन गेल्या, रशीद राहुरी स्टेशनावर मोटारीच्या कामाला लागला आणि सौदागर कुठल्यातरी दरवाजाशी तसाच राहिला.

"सांगितली न्हाईस ह्यांना?" रशीदनं विचारलं.

"कवा सांगू?" बिबीजान म्हणाली.

ती रागानं म्हणाली नव्हती. पण रशीदचं हसू मावळलं. सतरंजीवर आपल्या पोरांसमोर तो एक सुटा दोरा उपटत बसला, आणि त्याच्याकडं दुसरं सांगण्यासारखं काही नसावं असं तिला वाटलं. पोरं उठून आईजवळ जाऊन झोपली.

---

दोन महिने रशीदनं काम शोधलं. पलटणीत तो मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात होता, हातात कसब होतं, पण त्याच्यासारखी सुटून आलेली माणसं जिकडंतिकडं झाली होती. नगरला जायचा, हात हलवत यायचा. पोरं आता त्याला अब्बा म्हणत होती, पण काही मागायचं झालं तर आईकडं किंवा दादीकडं मागत.

अशाच एका फेरीत तो नगरहून आला तो सायकलच्या कॅरिअरला एक लाकडी खोकं बांधून. लष्करी सामानाच्या लिलावात बिघडलेला रेडिओ निघाला होता, तो त्यानं घेतला. पुढचे आठ-दहा दिवस ओसरीवर त्याचे तुकडे पसरलेले होते. सकीना केर काढताना त्यांच्याभोवतीनं झाडू फिरवायची. शेवटी एका संध्याकाळी त्यानं बोरीच्या झाडापासून घराच्या आढ्यापर्यंत तार ओढली, मोटारीची बॅटरी खाली ठेवली, खोक्याचा कान पिळला आणि खरखरीतून एक बाई गायला लागली.

सकीनाच्या हातातली परात खाली पडली. सरवरी खोक्याच्या मागं जाऊन बघून आली.

"मुंबई हाय ही," रशीद म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की घरी आल्यापासून बिबीजाननं तो असा बघितला नव्हता.

बिबीजान टोपली उतरवून नुकती टेकली होती. एरवी या वेळेला ती उरलेल्या बांगड्या मोजून, पुसून, पुन्हा ओवायला घ्यायची. त्या दिवशी हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. बाई गात होती. कोण होती, कुठं बसून गात होती, बिबीजानला काय करायचं होतं? तिला एवढंच कळलं की आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही. दिवसभर तिच्याकडं सगळेच मागत असायचे. बायका हिरव्या मागायच्या, घासाघीस करायच्या, मनगट दाबलं तर ओरडायच्या. घरी आलं की सून पीठ मागायची, पोरं चिंचा मागायची. खोकं काहीच मागत नव्हतं. आपलं गात होतं.

"आवडलं का, अम्मा?" रशीदनं विचारलं.

"लई ब्येस," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

गावात खबर पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा गोरक्षनाथ आपल्या गुऱ्हाळावरनं हातपाय धुऊन थेट ओसरीवर यायला लागला. त्याच्यामागं आणखी माणसं. बातम्या लागल्या की सगळे माना पुढं करून बसत. त्या वर्षीच्या बातम्या काही ऐकाव्या अशा नव्हत्या. कलकत्त्याच्या, बिहारच्या दंग्यांचं काही आलं की माणसं रशीदकडं न बघता जमिनीकडं बघत. मग गोरक्षनाथ मोठ्यानं खाकरून म्हणायचा, "रशीदभाई, लाव की जरा गानं," आणि रशीद कान पिळायचा. सकीना गुळाचा चहा करून करून कंटाळली.

पोरं मात्र खोक्याला चिकटली. मैदानातला गलका, विटीदांडू, फुटक्या बांगड्यांच्या काचा दिव्यावर धरून साखळ्या करणं, सगळं मागं पडलं. शमशेर दिवसभर गावभर रेडिओतल्या माणसासारखं बोलत फिरायचा. सरवरी तर जेवतानासुद्धा घास हातात धरून खोक्याकडं बघत राहायची.

रशीदनं रेडिओ आणला तो पोरांनी जवळ यावं म्हणून, हे बिबीजानला दिसत होतं. पोरं जवळ आलीही होती. पण ती त्याच्याजवळ बसत नव्हती, खोक्याजवळ बसत होती. एकदा तो काहीतरी सांगायला लागला, पलटणीत असताना मिसर देशातल्या वाळूत त्यांची लॉरी रुतली होती त्याबद्दल. शमशेरनं हात वर केला. "अब्बा, थांबा ना, ऐकू द्या."

रशीद थांबला. उठून बाहेर गेला आणि बराच वेळ बोरीखाली बिडी ओढत उभा राहिला.

---

थंडी सरत आली तेव्हा बॅटरी बसली. आवाज बारीक होत होत एका संध्याकाळी गेलाच. बॅटरी भरून आणायची तर राहुरी स्टेशनावर न्यायला लागे. पहिल्या खेपेला रशीदनं ती दुसऱ्याच दिवशी नेली होती. या खेपेला नेली नाही. उद्या नेऊ, परवा नेऊ, असं चाललं. पोरं कुरकुर करायला लागली. शमशेर एकदा पाय आपटून म्हणाला, "घरात काय बी न्हाई करायला!"

"काय बी न्हाई?" रशीदचा आवाज चढला. "आमी काय करत हुतो? आमाला कुनी रेडिओ दिल्ता? आज दादी गोष्ट सांगंल. बसा इथं."

बिबीजान त्या दिवशी टाकळीमियाला जाऊन आली होती. लग्नसराई जवळ आलेली, बायकांची झुंबड, आणि माल मात्र थोडा. लढाई संपली तरी काच मिळत नव्हती. पाटाच्या कडेनं परत येताना तिचा पाय मुरगळला. घरी पोचली ती उंबऱ्याला धरूनच.

"आज नगं रं," ती म्हणाली.

"थोडीशी, अम्मा. कासमची. मी न्हाई का ऐकली? ह्यांच्या नशिबात का नसावी?"

त्याच्या बोलण्यात एवढी कळकळ होती की ती नाही म्हणू शकली नाही. पोरं तोंडं पाडून समोर बसली. तिनं पाय लांब केला आणि सुरुवात केली.

"एक हुता कासम सौदागर. त्याची हुती एक लंगडी सांडनी."

"लंगडी कशी झाली?" शमशेरनं विचारलं.

बिबीजानला आठवेना. काट्यानं? कुणी मारली म्हणून? तिनं रशीदकडं बघितलं.

"मालकाला विंचवापासनं वाचवाया गेली, तवा विंचू तिलाच चावला," रशीद पटकन म्हणाला. "पुढं सांग."

"हां. विंचू चावला. तर तो घरला निघाला. वाटंत एक शहर लागलं. शहराला मोठा दरवाजा..."

"पहिला दरवाजा हिरवा," रशीद म्हणाला.

"हिरवा दरवाजा. दरवाजावर... दरवाजावर एक..." ती आठवायला लागली. दरवाजावर कोण होतं? म्हातारी होती की पहारेकरी? डोळ्यांपुढं सकाळची टाकळीमियाची बाई आली, जाड मनगटाची, अडीचच्या मापाची बांगडी मागणारी आणि ती चढेना म्हणून शिव्या घालणारी. "दरवाजावर हुती एक बाई. ती म्हनली, मला... अडीचाची..."

तिचा आवाज तिथंच थांबला. मान छातीवर आली. ती झोपली होती.

सरवरी खुदकन हसली. शमशेरही हसला. "दादीची बॅटरी बसली!"

"गप!" रशीद ओरडला, तशी बिबीजान दचकून जागी झाली. तिनं रशीदचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्यावर राग होता म्हणावं तर राग नव्हता. लहानपणी त्याच्या हातातली बांगडी फुटली की तो असा बघायचा.

"रशीद," ती म्हणाली, "मला याद न्हाई रं ती. ती काय खरी गोष्ट हुती? तुमी पेंगू ने, काम उरकावं म्हनून तोंडाला येईल ते सांगत हुते मी."

"कामासाठी?"

"मंग कशासाठी?"

तो उठला आणि बाहेर गेला. बिबीजाननं तिथंच आडवं होऊन डोळे मिटले, पण झोप आता उडाली होती. दारातून सकीनाचं बोलणं ऐकू येत होतं. सकीना नवऱ्यासमोर कधी आवाज काढून बोलायची नाही. आज ती हळू, पण न थांबता बोलत होती.

"तुमी अम्मांवर कशाला चिडता? तुमी गेला, अब्बा गेले. मागं ह्या दोगांना घेऊन मी, आन सरवरी तान्ही. अम्मांनी टोपली घेतली. पावसात, उन्हात. घासलेट रेशनवर, दिवा लावाया तेल न्हाई. दिस मावळला की अंधारात भाकर खायची आन निजायचं. अम्मा तर भाकर हातात धरून निजायच्या. मी त्यांच्या हातातली काढून ठेवायची. ह्यात गोष्ट कवा सांगायची? पोरं आपल्या आपन खेळली. फुटक्या काचा, चिंचोके, काय मिळंल त्यानं. कुनी त्यांना खेळवलं न्हाई. कुनाला बळच नव्हतं."

रशीद काय म्हणाला ते बिबीजानला ऐकू आलं नाही. सून आपल्या बाजूनं बोलली म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, ही सगळी वर्षं एवढी मोठी होती का? जगताना तर ती एक दिवस, मग दुसरा दिवस, अशीच आली होती.

---

सकाळी पाय भोपळ्यासारखा सुजला होता. टोपली उचलायचा प्रश्नच नव्हता. सकीनानं हळद-मीठ गरम करून बांधलं आणि बिबीजान ओसरीवर भिंतीला टेकून बसली. बसून राहायची सवय नव्हती, म्हणून तिनं बांगड्यांची पेटी पुढं ओढली.

रशीद आला आणि समोर बसला. पेटीतून त्यानं एक मूठ बांगड्या घेतल्या. एक एक नखानं वाजवायला लागला. एवढ्या वर्षांनी, मोटारी उघडून राठ झालेल्या बोटांत त्याला ते काम अजून येत होतं.

"अम्मा, हिरवा दरवाजा पहिला का हुता?"

"काय म्हाईत."

"मी पलटनीत लई इचार करायचो. पहिला हिरवा, मंग लाल, मंग पिवळा. मंग एकदा निळा. मला वाटायचं, त्यात कायतरी भेद असंल."

बिबीजाननं हातातल्या दोरीकडं बघितलं आणि तिला हसू आलं. "अरं, ज्या रंगाच्या बांगड्या तवा ओवाया असायच्या, तो दरवाजा. श्रावनात समद्या बाया हिरव्या मागायच्या, म्हनून हिरवा लई दिस चालला. निळ्या कुनी घेत न्हाई. त्या एकदाच आल्त्या."

रशीद तिच्याकडं बघत राहिला. मग तोही हसला. पहिल्यांदा नुसतं नाकातून, मग खांदे हलवून. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

"आन मी तिथं पोरांना सांगत हुतो, निळा दरवाजा म्हंजी मौतीचा."

"कोनत्या पोरांना?"

"आमच्या टोळीतल्या. बॉम्ब टाकाया इमानं यायची म्हनून रातच्याला दिवा लावाया बंदी असायची. अंधारात काय करायचं? एक सातारचा हुता, एक पंजाबी, एक मद्राशी. मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत मी त्यांना कासमची गोष्ट सांगाया लागलो. तुझी जेवढी याद हुती तेवढी लवकरच सरली. मंग मी पुढं रचली."

"तू रचली?"

"मंग काय करू? तू तर त्याला पिवळ्या दरवाजाशी उभा केला आन माझं लगीन लावून मोकळी झालीस."

बिबीजाननं ओवलेली माळ बाजूला ठेवली. पायात ठणका होता, पण बसल्या जागी ऊन अंगावर येत होतं आणि आज कुठं जायचं नव्हतं.

"मंग पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

विचारल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. लहानपणी तिला कोणी गोष्ट सांगितली नव्हती. आई लवकर गेली, सावत्र आईकडं वेळ नव्हता. आपण सांगितलेल्या गोष्टी कुठून आल्या, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

रशीदनं घसा साफ केला. लाजल्यासारखा तो बांगड्यांकडं बघूनच सांगायला लागला. पिवळ्या दरवाजाच्या आत वाळूच वाळू होती. सौदागराला तहान लागली. सांडणी वाळूत नाक खुपसून वास घ्यायची आणि जिथं पाणी असेल तिथं बसायची. पण एका जागी ती बसली ती उठेचना, आणि खणलं तर पाणी नाही, एक माणूस निघाला, जिवंत, तोंडात वाळू भरलेला. तो बोलू शकत नव्हता. सौदागरानं त्याला सांडणीवर बसवलं आणि आपण चालायला लागला.

"तो कोन हुता?" मागून आवाज आला. शमशेर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. केव्हापासून, कोणास ठाऊक.

रशीदनं मागं वळून बघितलं नाही. "त्येच तर सौदागराला कळंना," तो म्हणाला, आणि पुढं सांगत राहिला.

काही वेळानं सरवरीही आली. तिच्या हातात शेंगा होत्या. एक एक सोलून खात ती दादीच्या चांगल्या पायाला टेकून बसली. गोष्ट काही फार नीट सांगितली जात नव्हती. रशीद मधेच अडकायचा, मागं जाऊन काहीतरी दुरुस्त करायचा, "न्हाई न्हाई, त्याच्या आधी असं झाल्तं," म्हणायचा. दोनदा शमशेरनं त्याला चूक दाखवली. रेडिओतला माणूस असा अडखळत नसे. पण त्याला थांबवून विचारताही येत नसे, आणि पोरं आता सारखी विचारत होती.

बिबीजान ऐकत होती. वाळूतून निघालेला, तोंडात वाळू भरलेला माणूस तिच्या गोष्टीतला नव्हता. ती तिथं कधी गेलेली नव्हती. रशीदनं काय काय बघितलं असेल, हे त्यानं घरी आल्यापासून सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. विचारायला बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही नव्हतं. तिनं हात पुढं करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

---

दुपारी रशीदनं बॅटरी सायकलवर बांधली आणि राहुरी स्टेशन गाठलं. चार दिवसांनी ती भरून आली. संध्याकाळी पुन्हा गाणी लागली, गोरक्षनाथ पुन्हा ओसरीवर आला, सकीनानं पुन्हा चहा ठेवला. त्यात काही बदललं नाही आणि बदलावं असं कोणाला वाटलंही नाही. पोरांना रेडिओ हवा होता. त्यांच्या बरोबरीच्या दुसऱ्या कोणाच्या घरी तो नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पाय बरा व्हायला महिना लागला. तोपर्यंत रशीदला बेलापूरच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं लॉरीवर काम मिळालं. तो आठवड्यातून दोन-तीनदाच घरी यायचा. त्यानं आईला टाकळीमियाच्या वाटेला जाऊ दिलं नाही. "गावातल्या गावात कर काय करायचं ते," म्हणाला. बिबीजाननं वाद घातला, पण थोडाच. मनातून तिला हेच हवं होतं. लांबच्या बायकांना सांगावा धाडला की लग्नाच्या बांगड्या भरायच्या असतील तर देवळालीला या.

ज्या दिवशी रशीद घरी असे, त्या दिवशी बातम्या संपल्या, माणसं उठून गेली की शमशेर स्वतःच रेडिओचा कान पिळून तो बंद करायचा. "अब्बा, पुढं," एवढंच म्हणायचा. रशीद दमलेला असायचा, कधीकधी त्याचे डोळे मिटत असायचे. मग शमशेर त्याला कोपरानं ढोसायचा. कधी थोडीच गोष्ट व्हायची, कधी होतच नसे, आणि मग पोरं नाराजीनं पुन्हा रेडिओ लावायची.

बिबीजान भिंतीकडेला आपल्या अंथरुणावर पडून असे. तिला कानावर काही शब्द यायचे, काही यायचे नाहीत. मधे आठ दिवस निघून गेले की कोण कुठं होतं याचा धागा तिच्याकडं राहत नसे. एकदा तिला कळलं की सौदागर आता दरवाजांच्या शहरातून बाहेर पडलाय आणि समुद्राकाठी आलाय. एकदा कळलं की सांडणीला पिल्लू झालंय. हे कधी झालं आणि पुढं काय झालं, ते तिनं विचारलं नाही. पोरांना माहीत होतं. तिनं पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं.